चौथ्या गाण्याचं काय?

*माझी धाकटी बहीण बावीस वर्षांची आहे. ती गाते, लिहिते, चालीही तिच्याच. आठ महिन्यांपूर्वी तिचा पहिला अल्बम आला, पॉप, नऊ गाण्यांचा. मी नोकरी करते. दोन वर्षांची शिल्लक त्यात घातली. निदान कुणीतरी दखल घेईल असं वाटलं होतं. आजवर नऊही गाणी मिळून ४,१०० वेळा वाजली आहेत. ज्या गाण्यावर सगळ्यात जास्त खर्च केला ते पहिलं गाणं ९०० वर अडकलंय. एकही परीक्षण आलं नाही. प्लेलिस्टवाल्यांना अल्बम आल्यावर आठवड्याने मेल केले, त्यांचं उत्तर नाही. तिच्याच बरोबरीच्या एका मुलीचं साधंसं गाणं मात्र लाखांत गेलं. लोकांनी आम्हाला नाकारलं, दुसरं काय. गेले तीन महिने धाकटीने कीबोर्डवरचं कापड काढलेलं नाही. आता म्हणते, अल्बम काढूनच टाकू, माझं नाव शोधलं की तोच दिसतो आणि लाज वाटते. एक कंपनी महिन्याभरात एक लाख प्ले मिळवून देऊ म्हणतेय. आणखी पैसे घालायची माझी तयारी आहे. घालू का? अल्बम ठेवू की काढू? आणि तिला पुन्हा गायला कसं लावू? सोबत आकड्यांचा तक्ता आणि अल्बमची लिंक जोडली आहे.*

*एक ताई*

प्रिय ताई,

वर छापलंय ते तुमचं पत्र आटोपशीर करून. मूळ पत्र चार पानांचं आहे. त्या चार पानांत आकडे सत्तावीस वेळा आलेत (हो, मोजले, जुनी खोड) आणि गाण्यांतली एक ओळही नाही. एकाही गाण्याचं नाव नाही. 'पहिलं', 'ज्यावर खर्च केला ते', 'मधली दोन', बस. ही तक्रार नव्हे. मी बरीच वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसून काढली आहेत. ज्याच्या पैशाने तासांचं भाडं चाललेलं असतं, तो माणूस गाणं ऐकत नसतो, घड्याळ ऐकत असतो. तुमचं घड्याळ आठ महिने झाले तरी थांबलेलं नाही, एवढंच मला पत्रातून दिसलं.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी लिंक उघडली. पहिल्यांदा फोनवर, घरातली कामं करता करता, म्हणजे बहुतेक लोक ऐकतात तसा अल्बम ऐकला. खरं सांगते, हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी चांगल्या स्पीकरवर, दुसरं काही न करता. चौथ्या गाण्याला मी सरळ होऊन बसले. त्यात तुमची बहीण अंतऱ्याची शेवटची ओळ ठेक्याच्या केसभर मागे ठेवते. रेंगाळत नाही, जाणूनबुजून मागे ठेवते. शेवटचा शब्द आता सुटणार असं वाटेपर्यंत थांबते आणि तो नेमका समेवर टाकते. ठेका ड्रम मशीनचा असताना हे अवघड असतं, कारण वादक गाणाऱ्यासाठी थांबतो, मशीन थांबत नाही. हे शिकवून येत नाही. उपजत असलं तर शिकवून बिघडवता मात्र येतं.

तेव्हा तुम्ही चार पानांत कुठेच न विचारलेला, पण प्रत्येक ओळीमागे उभा असलेला प्रश्न आधी मिटवून टाकू. तिला येतं का? येतं.

बाकीच्या आठांबद्दल माझं मत इतकं ठाम नाही. तीन चांगली आहेत. तीन ठीक. दोन तिने दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकून केली असावीत, आणि ते कोण हेही मी सांगू शकेन, पण ते तिचं तिला ठाऊक असणार. बावीसाव्या वर्षी हे प्रमाण उत्तम आहे.

आता 'लोकांनी नाकारलं' या तुमच्या शब्दाकडे येते. नाकारायला आधी ऐकावं लागतं. ल्युमिनेट नावाची कंपनी संगीताच्या खपाचे आकडे गोळा करते. बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या तिच्याच आकड्यांवर ठरतात. तिच्या २०२३ च्या वार्षिक अहवालात स्ट्रीमिंगवरचे एकूण १८.४ कोटी ट्रॅक मोजले होते. त्यांपैकी ४.५६ कोटी वर्षभरात एकदाही वाजले नव्हते. एकदाही नाही, म्हणजे ते चढवणाऱ्याच्या आईनेसुद्धा ऐकले नव्हते. हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजलेले ट्रॅक १५.८६ कोटी. साधारण दर सातांतले सहा. या ढिगात एखादा अल्बम बुडाला म्हणजे त्याच्यावर कुणी निकाल दिला असं होत नाही. त्याची पाटी निकाल द्यायला कुणाच्या हातातच गेली नाही.

आणि आता तुमचाच तक्ता पुन्हा उघडा. पहिलं गाणं ९००. दुसरं ४००, तिसरं ३००. इथपर्यंत उतार सरळ आहे: लोक पहिलं लावतात, काही पुढे जातात, काही गळतात. पुढे चौथं: १,३००. मग पाचव्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येकी अडीचशेच्या आसपास. तिसऱ्यापर्यंत तीनशेच पोचत होते, तर चौथ्याला तेराशे कुठून आले? ते वरून खाली उतरत आलेले नाहीत. ते सरळ चौथ्यावर आलेत. म्हणजे कुणीतरी ते गाणं कुणाला तरी पाठवतंय, तो माणूस पुन्हा आणखी कुणाला. तुम्ही त्यासाठी एक पैसाही खर्च केलेला नाही. तुम्ही आठ महिने ९०० कडे बघत बसलात, कारण पैसे तिथे घातले होते. सातांतल्या त्या उरलेल्या एकात तुमच्या बहिणीचं चौथं गाणं आहे, हे तुमच्याच कागदावर लिहिलेलं होतं.

तुम्ही 'मी कुठे चुकले' असं विचारलं नाहीत, पण सांगते, कारण पुढच्या वेळी कामाला येईल. पहिल्या गाण्याला माणसाचा आवाज यायला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. आधी समुद्राचा आवाज, मग सिंथ, मग उलटी वाजवलेली गिटार. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं धरलं जातं. तुमचा अनोळखी श्रोता बहिणीचा आवाज कानावर पडण्याआधीच निघून जातो. नव्या गायिकेची एकमेव मालमत्ता म्हणजे तिचा आवाज, आणि तुम्ही तो माजघरात लपवून पाहुण्यांना ओसरीवर बसवलंत. दुसरं, प्लेलिस्टचं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायची सोय आहे, फुकट आहे, पण ती फक्त प्रकाशित न झालेल्या गाण्यासाठी, एका वेळी एकाच. निदान सात दिवस आधी पाठवलं तर गायिकेला फॉलो करणाऱ्यांच्या शुक्रवारच्या यादीतही ते आपोआप जातं. आठवड्याने मेल म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका. तिसरं, नऊच्या नऊ गाणी एकाच दिवशी सोडलीत. ज्याचं नाव माहीत आहे त्याचा अल्बम लोक अल्बम म्हणून ऐकतात. अनोळखी माणसाला एक गाणं ऐकायला तीन मिनिटं देतात, तीसुद्धा उपकार केल्यासारखी.

या तिन्ही चुका तांत्रिक आहेत. त्यांत गाण्याचा दोष कुठेच नाही. संयोजनाचा, म्हणजे गाण्याला कुठली वाद्यं कशी लावली याचा, मात्र आहे, त्याकडे वळते.

लॉरा नायरो हे नाव तुमच्या बहिणीला कदाचित ठाऊक असेल. अमेरिकन, गाणारी आणि स्वतःची गाणी स्वतः करणारी. १९६७ साली, एकोणीस वर्षांची असताना तिचा पहिला अल्बम आला, 'मोअर दॅन अ न्यू डिस्कव्हरी'. संयोजन दुसऱ्याच्या हाती होतं आणि तिला ते पटलेलं नव्हतं. अल्बम आला तसा गेला. आता त्यातली तीन गाणी बघा. 'वेडिंग बेल ब्लूज' फिफ्थ डायमेन्शन या गटाने गायलं आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'अँड व्हेन आय डाय' ब्लड, स्वेट अँड टिअर्स या बँडने गायलं, त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर. 'स्टोनी एंड' बार्बरा स्ट्रायसँडने गायलं, तेही १९७१ च्या सुरुवातीला पहिल्या दहांत. ज्या अल्बमकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्यात तीन इतकी मोठी गाणी पडून होती. दरम्यान नायरो काय करत होती? मोठ्या कंपनीकडे जाऊन, स्वतः पियानोवर बसून, १९६८ मध्ये पुढचा अल्बम करून मोकळी झाली होती, तिच्या मनासारखा. तिच्या त्या पहिल्या अल्बमला १९७३ मध्ये नव्या नावाने पुन्हा बाजारात आणलं, ते त्या नव्या कंपनीने.

सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीचंही थोडं तसंच. ऑक्टोबर १९६४ मध्ये पहिला अल्बम, खप जवळजवळ नाहीच. जोडी फुटली, पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला. १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सनने त्याच अल्बममधल्या 'साउंड ऑफ सायलेन्स'च्या मूळ टेपवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले. गाणाऱ्या दोघांना न विचारता, हे जरा अतिच. जानेवारी १९६६ मध्ये ते गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, आणि मग लोक मागे वळून तो पडलेला अल्बम शोधायला लागले.

तिथे साज चढवावा लागला. तुमच्याकडे तो उतरवावा लागेल. चौथं गाणं बाकीच्यांच्या पुढे का गेलं, यावर माझा अंदाज साधा आहे: त्यात सगळ्यात कमी वाद्यं आहेत. कीबोर्ड, ठेका, आवाज. पैसे संपत आले होते का तेव्हा? तसं असेल तर तुमच्या शिल्लकेचं संपणं हेच त्या अल्बमच्या नशिबातलं सर्वांत चांगलं झालं म्हणायचं. (माफ करा. पण खरंच.)

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर चॅपल रोन या अमेरिकन पॉप गायिकेचं घ्या. २०२० मध्ये तिच्या कंपनीने तिला सोडलं. ती आईवडिलांच्या घरी परतली, काउंटरवर काम केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा फारशी खळबळ झाली नाही. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या दौऱ्यात तिने आधीचा कार्यक्रम केला, म्हणजे दुसरीला ऐकायला आलेल्या लोकांसमोर रोज गायली. एप्रिल २०२४ मध्ये एक नवं गाणं सोडलं, 'गुड लक, बेब!'. ते त्या अल्बममध्ये नाहीच. पण ते ऐकून लोक मागे गेले, आणि ऑगस्टमध्ये तोच जुना अल्बम बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकावर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला 'सर्वोत्तम नवोदित'चं ग्रॅमी मिळालं. नवोदित!

हे दाखले मी धीर द्यायला सांगत नाही. त्याच सालांत बुडालेले आणि बुडालेलेच राहिलेले हजारो अल्बम आहेत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. मला यातली फक्त एकच गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे. या तिघांपैकी कुणाचाही पहिला अल्बम, तोच अल्बम आणखी जोरात ढकलून वर आलेला नाही. नायरोचा इतरांच्या गळ्यातून आला, सायमनचा एका गाण्याच्या नव्या रूपातून, रोनचा पुढच्या गाण्यातून. मागचं गाणं पुढच्या गाण्याच्या दोरीने वर येतं. तुम्ही जो पैसा घालायला निघालात तो दोरीसाठी नाही, विहिरीत आणखी एक धोंडा टाकण्यासाठी आहे.

तर, ती कंपनी. नको. अजिबात नको. महिन्याभरात एक लाख प्लेची हमी देणारा माणूस माणसांची हमी देऊ शकत नाही. मशीनचीच देऊ शकतो. शेकडो खोटी खाती रात्रंदिवस तेच गाणं वाजवत राहतात. हे पकडता येतं आणि पकडतात. २०२४ पासून स्पॉटिफाय अशा ट्रॅकबद्दल वितरकाकडून, म्हणजे तुमची गाणी तिथे चढवणाऱ्या कंपनीकडून, दंड घेतं, वितरक तो तुमच्याकडून वसूल करतो, आणि बरेच वितरक गाणंच उतरवतात. पण माझा खरा आक्षेप दंडाचा नाही. आज चौथं गाणं जे तेराशे वेळा ऐकलं गेलं त्यावरून ॲपचं गाणी सुचवणारं सॉफ्टवेअर शिकतंय की हे ऐकणारी माणसं आणखी काय काय ऐकतात, आणि तशा आवडीची माणसं शोधून हळूहळू हे गाणं त्यांच्यापुढे ठेवतंय. त्यात एक लाख खोटे कान मिसळलेत तर ते शिकलेलं सगळं पुसलं जाईल. मग ते गाणं मशीनलाच सुचवत बसेल. तुमच्याकडे आत्ता थोडे पण खरे श्रोते आहेत. त्यांच्यात भेसळ करू नका.

याच अनुषंगाने एक: २०२४ पासूनच स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले नाहीत, त्याला रेकॉर्डिंगचा मोबदला मिळत नाही. तुमच्या तक्त्यातले प्ले सगळ्या ठिकाणचे मिळून आहेत असं दिसतं, त्यामुळे हिशेब करताना हे लक्षात ठेवा. तसंही हजारावर मिळणारी रक्कम नाममात्र असते. तिच्यावर घर चालत नाही, निदान तिच्यावरून भांडू तरी नका.

अल्बम काढायचा का? नाही. आज तिला लाज वाटते हे मी समजू शकते. माझ्या जुन्या कामांतली काही नावं माझ्यासमोर घेतली तर मीही विषय बदलते. पण उद्या तिचं एखादं नवं गाणं कुणाला आवडलं, तर तो माणूस पहिली गोष्ट काय करेल? मागे जाईल. तिथे काहीतरी असायला हवं. हवं तर ती दोन उसनी गाणी तेवढी उतरवा, पण तिने ठरवलं तरच, आणि आत्ता नाही, गायला लागल्यावर. चिडलेल्या माणसाने आवरायला घेतलं की कामाच्या वस्तू आधी रद्दीत जातात.

ठेवायचा म्हणजे नुसतं तसंच राहू देणं नाही, थोडी कामं आहेत. ही तुम्ही करा, धाकटीने नाही. तुमचा हात हिशेबात चांगला आहे, तो इथे लावा. वितरकाची फी वर्षाची असेल तर तिची तारीख लिहून ठेवा, कारण ती चुकली की बऱ्याच ठिकाणी गाणी आपोआप उतरतात. वितरक बदललात तर प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, तो बारा अक्षरांचा क्रमांक, तोच ठेवा, फाइलही तीच. क्रमांक बदलला तर ते नवं गाणं ठरतं आणि चौथ्याचे ते तेराशे मागे राहतात.

त्याहून तातडीचं: ज्या स्टुडिओत काम केलंत तिथून प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक मागून घ्या. म्हणजे आवाज वेगळा, कीबोर्ड वेगळा, ठेका वेगळा. फक्त तयार झालेली फाइल नको. टॉम विल्सनला ते सगळं करता आलं कारण मूळ टेप जागेवर होती. मी ज्या एका ठिकाणी काम करत होते तिथे जागा हवी म्हणून एका शनिवारी जुन्या डिस्क पुसल्या. त्यात एका मुलीची सहा गाणी होती. तिला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. दोन वर्षांनी ती सुटे ट्रॅक मागायला आली. तिला एका मोठ्या कामासाठी त्यातलं एक गाणं नुसत्या आवाजानिशी हवं होतं. मी तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही, तिचा चेहरा आठवतो. तेव्हा दोन वेगवेगळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत. या आठवड्यात.

आणि कागद. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द-चाल ही एक, आणि त्याचं झालेलं रेकॉर्डिंग ही दुसरी. नायरोची गाणी इतरांनी गायली, रेकॉर्डिंगं त्यांची होती, पण शब्द आणि चाल तिची असल्यामुळे गाण्यांची कर्ती म्हणून नाव तिचंच राहिलं. तुमच्या बहिणीने गीतकार-संगीतकार म्हणून हक्कांच्या संस्थेत नोंद केली आहे का? संयोजकाशी लेखी काही झालंय का? 'आपलाच माणूस आहे' हे उत्तर मी शंभरदा ऐकलंय, आणि आपला माणूस गाणं चालेपर्यंतच आपला असतो. शिवाय, आता जरा अवघड बोलते, तुम्ही पैसे घातलेत. मग रेकॉर्डिंगची मालकी कुणाची, हे तुम्हा दोघींत तरी ठरलंय का? नसेल तर बसा आणि अर्ध्या पानावर लिहा. बहिणी-बहिणींत कशाला, असं म्हणू नका. बहिणींतच.

कारण आता मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतेय, तिला पुन्हा गायला कसं लावू, आणि मला वाटतं त्याचं कुलूप इथेच आहे. पत्रात तुम्ही सहज एक वाक्य लिहिलंय, जे मी वरच्या मजकुरातून गाळलं: 'मी रोज सकाळी आकडे बघते आणि तिला सांगते, म्हणजे तिला आशा राहील.' ताई, आठ महिने, रोज सकाळी. त्या मुलीच्या बाजूने बघा. तिला ऐकू येतं ते असं: माझ्या दोन वर्षांच्या शिल्लकेपैकी आज एवढे फिटले. ती गाणं बंद करून बसलेली नाही. ती कर्जात बसली आहे, आणि कर्ज कधीच फिटणार नाही हे तिला पहिल्या महिन्यातच कळलंय. अशा वेळी कीबोर्डला हात लावणं म्हणजे आणखी कर्ज काढणं.

तेव्हा आधी तो पैसा मनातून सोडा. सोडता येत असेल तरच तिला तसं सांगा. येत नसेल तर खोटं सांगू नका, तिला कळेल. 'ते पैसे मी गाणी व्हावीत म्हणून दिले होते, गाणी झाली, व्यवहार संपला,' इतकं एकदा, स्पष्ट, दुसऱ्या कुठल्या विषयाला न जोडता. आणि त्या आकड्यांच्या पानाचा पासवर्ड तिसऱ्याच कुणाकडे तरी द्या. त्याने महिन्यातून एकदा बघावं. लगेच हात शिवशिवतील, पहिला आठवडा तुम्हाला तिच्यापेक्षा जड जाईल.

तिला 'तू किती छान गातेस' म्हणू नका. घरच्यांच्या स्तुतीचा बाजारभाव तिला केव्हाच कळलाय. आणि त्या बरोबरीच्या मुलीचं नाव घरात नको. तिचं गाणं लाखांत गेलं हे तिचं नशीब आणि मेहनत, जे काय असेल ते, त्यातून तुमचं काही वजा झालेलं नाही. त्याऐवजी तिला एखादी नेमकी गोष्ट विचारा. चौथं गाणं ती नुसत्या कीबोर्डवर कसं म्हणते? कधी म्हटलंय का? मला शंका आहे की ते मुळात तसंच झालेलं असणार, रात्री, कुणी ऐकत नसताना, आणि बाकीची आठ 'अल्बम करायचाय' म्हणून.

मग कधीतरी, ती हो म्हणाली तर, दहा माणसांसमोर. कार्यक्रम नाही, ध्वनिवर्धक नाही, कुणी व्हिडिओ काढायचा नाही. दहा माणसं एका खोलीत बसून ऐकतात तेव्हा गाणाऱ्याला जे कळतं ते कुठल्याही तक्त्यावर उमटत नाही: कुठल्या ओळीला लोक हलायचे थांबले, कुठे कुणी खोकलं. खोकला फार प्रामाणिक असतो. मी स्टुडिओत अनेक चांगले आवाज बघितले ज्यांनी पहिला अल्बम केला तोवर परक्या माणसासमोर एकदाही गायले नव्हते. तुमची बहीण त्यांतलीच वाटते, कारण ती प्रत्येक गाण्याच्या शेवटी आवाज बारीक करत नेते, जणू माफी मागतेय. दहा जणांसमोर पाचदा गायली की ती सवय आपोआप जाईल. पुढे त्याच दहांतला कुणी तिला तीस जणांसमोर बोलवेल. नवं गाणं त्यातून सुचलं तर सुचेल. सुचलं तर एकच करा, आवाज पहिल्या दहा सेकंदांत आणा, आणि या वेळी मेल आधी पाठवा.

आणि ती नाहीच म्हणाली तर? वॅश्टी बन्यन नावाच्या इंग्लिश गायिकेचा पहिला अल्बम १९७० च्या अखेरीस आला, कुणी घेतला नाही, आणि तिने गाणं सोडून दिलं. मुलं वाढवली. पुढे तीसेक वर्षांनी इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं तेव्हा तिला कळलं की लोक तिचा तो अल्बम हुडकत आहेत. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, २००५ मध्ये तिने दुसरा केला. ही गोष्ट लोक फार गोड करून सांगतात. पस्तीस वर्षं म्हणजे किती ते मोजून बघा आणि मग गोड वाटते का सांगा. मला मात्र त्या गोष्टीत एक वेगळंच दिसतं: मधली वर्षंही तिची होती. ती कुणाचं देणं लागत नव्हती. तुमची बहीण बावीस वर्षांची आहे. ती वर्षभर गायली नाही तर काही बुडत नाही. ती कधीच गायली नाही तरी ती तुमची धाकटी बहीण राहील, आणि हे तिला तुमच्याकडून एकदा ऐकायला मिळालं तर तिच्या खांद्यावरचं बरंच उतरेल.

फक्त एक वेगळं ठेवा. तुम्ही लिहिलंय की ती दुपारपर्यंत उठत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही, जेवण अर्धं टाकते. हे तीन महिने चाललं असेल तर त्याला अल्बमचं दुःख म्हणून सोडू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, आणि ते गाण्याच्या आधी. गाणं थांबू शकतं.

जाता जाता. चौथ्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यानंतर, ठेका क्षणभर थांबतो तिथे, मागे खुर्ची कुरकुरल्याचा आवाज येतो. इतकं घासून पुसून मिक्स केलेल्या अल्बममध्ये तेवढा आवाज राहिलाय. चुकून राहिला, की तिने भांडून ठेवून घेतला? मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. तिला विचारा आणि मला कळवा. गाण्याचं नावही कळवा, लिंकवर ते अर्धंच दिसतं.